किट कारची आयव्हीए तपासणी : या चुका टाळा

ब्रिटनमध्ये किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी बांधलेली गाडी, रस्त्यावर आणायची तर आधी डीव्हीएसए या सरकारी वाहन-तपासणी संस्थेची आयव्हीए (एकेका गाडीला मंजुरी देणारी) तपासणी आणि मग डीव्हीएलए या सरकारी नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी. २००९ पासून हीच पद्धत आहे, त्याआधी एसव्हीए नावाची तपासणी होती. नियमपुस्तिका सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते, तरीही लोक त्याच त्या गोष्टींवर नापास होतात. कारण गाडी रंगवून झाली की मगच ती पुस्तिका उघडतात. किटची ऑर्डर देण्याआधी वाचा. बोल्ट कुठे बाहेर येणार, वायर कुठून जाणार, सीटबेल्ट कुठे बांधायचा, हे सगळं चॅसिस उघडी असतानाच ठरतं.

स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही

तपासनीस गाडी अगदी हळू चालवतो, स्टिअरिंग वळवतो आणि हात सैल सोडतो. चाकं स्वतःहून सरळ व्हायला लागली पाहिजेत. लोटस सेव्हन या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या धाटणीच्या हलक्या गाड्यांत पुढच्या चाकांवर वजनच कमी असतं, त्यामुळे बऱ्याच गाड्या इथे अडकतात. अडकल्या की सल्ला देणारे तयारच असतात : टो-आउट (पुढच्या चाकांची तोंडं किंचित बाहेर वळवणं) वाढव, पुढच्या टायरमध्ये हवा ठासून भर, पास हो आणि घरी येऊन पुन्हा होतं तसं कर.

माझ्या एका मित्राने हा सल्ला ऐकला. पहिल्यांदा नापास झाल्यावर त्याने टो-आउट भरपूर वाढवला आणि पुन्हा तपासणीला गेला. स्टिअरिंग तिथल्या तिथेच अडकून राहिलं, परत नापास. वर परतीच्या वाटेवर, ओल्या रस्त्यावर गाडी प्रत्येक खाचेत हेलकावे घेत होती. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून तो कसाबसा घरी पोचला.

मग आम्ही पुढची बाजू जॅकवर घेतली आणि कॉलमचा (स्टिअरिंगच्या दांड्याचा) जॉइंट रॅकपासून (चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीपासून) सोडवला. रॅक हाताने लोण्यासारखा फिरत होता. जड होता तो कॉलम. कॉलम ज्यात फिरतो त्या खालच्या बुशचा ब्रॅकेट किंचित तिरका बसवलेला होता, त्यामुळे बुश कॉलमला आवळून धरत होता. ब्रॅकेट सैल केला, खाली पातळ शिम (पत्र्याची चकती) घातली आणि टो मूळ आकड्यावर आणला. कॅस्टरला, म्हणजे चाकं आपोआप सरळ करणाऱ्या सस्पेन्शनच्या कोनाला, हातही लावला नाही. पुढच्या तपासणीत चाकं झटकन सरळ झाली.

म्हणून बॉडी चढवण्याआधी पुढची चाकं उचलून स्टिअरिंग दोन बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघायचं, ही माझी सवय आहे. जराही जड लागलं तर रॅक वेगळा, कॉलम वेगळा, युनिव्हर्सल जॉइंट वेगळा तपासायचा. घर्षण संपल्याशिवाय कॅस्टर वाढवत बसणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे. आणि तपासणीपुरती गाडी बिघडवून पास होणं मला अजिबात मान्य नाही. ती गाडी घरी तुम्हीच चालवत आणणार असता.

कडा आदल्या रात्री झाकणं

बाहेरच्या भागावर १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकू शकतो, तिथली कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी. विशबोनचे (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांचे) बोल्ट, हेडलाइटचे ब्रॅकेट, आरशांचे पाय, नंबरप्लेटचे कोपरे, सगळं यात येतं. लोक आदल्या रात्री रबराची ट्रिम गोंदाने चिकटवतात आणि नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या दाबतात. तपासनीस नखाने ओढून बघतो आणि ट्रिम त्याच्या हातात येते. मी शक्य तिथे कड कानशीने घासूनच गोल करतो आणि बोल्टची जास्तीची लांबी कापतो. पास झाल्यावर टोप्या काढून फेकणारेही पाहिले आहेत, त्यांचं मला वाईट वाटतं. रस्त्यावर कुणाला धक्का लागला तर जखम खोल होऊ नये, यासाठीच तो नियम आहे.

इंजिनच्या वयाचा पुरावा नसणं

धुराची मर्यादा इंजिनच्या वयावर ठरते. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला जी सूट मिळते ती कॅटॅलिस्टच्या (धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) काळातल्या इंजिनाला मिळत नाही, तिथे लॅम्डासुद्धा (हवा-इंधनाच्या मिश्रणाचं प्रमाण) ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. स्क्रॅपयार्डमधून स्वस्तात इंजिन उचलता, तेव्हाच डोनर गाडीचे (ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचे) कागद किंवा इंजिन क्रमांकावरून वर्ष सांगणारं उत्पादकाचं पत्र हाताशी ठेवा. इंजिन बसवण्याआधी त्याच्या क्रमांकाचा स्पष्ट फोटो काढा, नंतर तिथे कॅमेराच पोचत नाही.

नवे ब्रेक तसेच घेऊन जाणं

पुढची चाकं मागच्यांच्या आधी लॉक झाली पाहिजेत. बायस बार (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा दांडा) असेल तर तो योग्य जागी आणून कायमचा पक्का करा. नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसलेले नसले तर ब्रेक तपासणाऱ्या रोलरवर जोर कमी भरतो. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर फिरवता येत नाही, म्हणून खासगी आवारात परवानगी काढून गाडी फिरवून पॅड असे घासून बसवून घ्या. घाईत असलेले नवशिके नेमकं हेच गाळतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. वायर किमान दर ३०० मिलिमीटरला क्लिपने बांधा. पेट्रोलच्या टाकीचं झाकण गाडीला जोडलेलं किंवा कुलपाचं हवं. ब्रेक फ्लुइडची पातळी झाकण न उघडता दिसली पाहिजे. मागचा फॉग लाइट एकच असेल तर मध्यभागी किंवा उजवीकडे. दिव्यांवर ई-मार्क (मान्यतेची खूण) बघूनच पैसे द्या. आवाज एक्झॉस्टपासून अर्ध्या मीटरवर ९९ डेसिबलच्या आत. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये : ताशी ७० मैलांवर काटा ७० च्या खाली नको आणि ८३ च्या वरही नको. टायरचा आकार बदललात तर हे पुन्हा तपासा.

पावत्या हरवणं

पास झाल्यावर डीव्हीएलएला व्ही६२७/१ हा बांधणीचा अहवाल, सोबत व्ही५५ चा लागू असलेला फॉर्म, पावत्या आणि फोटो द्यावे लागतात. भागांचं वय सिद्ध झालं नाही तर क्यू अक्षराची नंबरप्लेट मिळते. पहिल्या नटापासून प्रत्येक पावती तारखेसह एकाच फाइलमध्ये लावा.

आधी ठरलेल्या तपासणीला गाडी चालवत नेता येते, फक्त ती सुरक्षित हवी आणि चॅसिस क्रमांकावर विमा काढलेला हवा. मी मात्र ट्रेलरवरच नेतो. टाकी भरलेली, स्पॅनर, टेप, क्लिप आणि जादा बल्ब सोबत. छोटी त्रुटी असेल आणि तपासनिसाने परवानगी दिली तर ती तिथेच दुरुस्त करता येते.