सही करण्याआधी या चुका टाळा: अभियांत्रिकीत लोकांची सुरक्षितता कुठे निसटते

व्यावसायिक नीतिमत्ता म्हटलं की लाच आणि बनावट दाखले आठवतात. पण जीव जातात ते पुष्कळदा रोजच्या कामातल्या चुकांनी. न तपासता सही मारली जाते, बदल नकाशावर चढत नाही, धोक्याची सूचना तोंडीच राहते.

“किरकोळ बदल आहे, सही करा”

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलातले दोन टांगते पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ नकाशात छतापासून निघालेला एकच पोलादी दांडा चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार जाऊन खाली दुसऱ्या मजल्याचा पूलही पेलणार होता. इतक्या लांब दांड्यावर आटे पाडणं आणि ते शाबूत ठेवणं अवघड, म्हणून एकाचे दोन दांडे केले. वरचा छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत, खालचा त्याच तुळईपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत.

दिसायला फरक काहीच नाही. आता हिशेब करा. एका जोडावर एका पुलाचा भार ‘प’ धरू. मूळ रचनेत चौथ्या मजल्याच्या नटवर फक्त ‘प’ येत होता, खालच्या पुलाचा भार दांडा थेट छताकडे नेत होता. बदलानंतर खालचा पूल वरच्या तुळईलाच लटकला आणि त्याच नटवर ‘२प’ आला. नट तुळईतून ओढला गेला. मूळ जोडसुद्धा नियमापेक्षा कमकुवतच होता. त्याचं गणित कोणी केलंच नव्हतं, तरी नकाशावर मंजुरीचा शिक्का होता.

म्हणून बदल कितीही लहान असो, भार छतापासून पायापर्यंत कसा जातो ते हाताने पुन्हा काढा. जोडाचं गणित फाइलला लावा, नकाशाला नवा सुधारणा क्रमांक द्या आणि साइटवरच्या जुन्या प्रती परत घ्या. डिझायनरला वाटतं फॅब्रिकेटर (पोलादी भाग बनवणारा) बघेल, फॅब्रिकेटरला वाटतं डिझायनरने बघितलंय, आणि जोड तसाच राहतो. कॅनडातल्या क्वेबेकच्या पुलाचा गाळा (दोन खांबांमधलं अंतर) १,६०० फुटांवरून १,८०० फूट केला, पण पुलाचं स्वतःचं वजन वेळेत नव्याने मोजलं नाही. १९०७ मध्ये तो बांधकाम चालू असतानाच पडला, ७५ कामगार मेले.

क्यूब पास, काँक्रीट नापास

एक घनमीटरमध्ये ३५० किलो सिमेंट आणि १७५ लिटर पाणी असेल तर पाणी-सिमेंट प्रमाण ०.५०. माल घट्ट वाटतो म्हणून साइटवर ३० लिटर पाणी ओतलं की ते जवळपास ०.५९ होतं. ताकद घटते, छिद्रं वाढतात, आतली सळई लवकर गंजते. क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे घनाकार नमुने, पाणी ओतण्याआधी भरले असतील तर अहवाल खरा आणि काँक्रीट वेगळं! अशा अहवालावर सही करणं म्हणजे फसवणूकच. माल सैल हवा असेल तर मिक्स डिझाइनमध्ये (ठरलेल्या मिश्रणात) बसणारं प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, वापरा. नमुना प्रत्यक्ष ओतायच्या मालातून घ्या, आणि क्यूबवर तारीख व ओतकामाची जागा तिथल्या तिथे लिहा.

पुरावा उलट्या बाजूने मागणं

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या बूस्टरवर (यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटवर) काम करणारे अभियंते सांगत होते की थंडीत ओ-रिंग, म्हणजे जोड बंद ठेवणारी रबरी कडी, नीट बसणार नाही. त्यांच्याकडेच अपयशाचा पुरावा मागितला गेला. दुसऱ्या दिवशी उड्डाणात यान फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. उलट, सुरक्षित आहे हे सिद्ध करायची जबाबदारी काम पुढे रेटणाऱ्याची असते. आणखी एक चूक तिथे झाली. तापमानाचा संबंध पाहताना बिघाड झालेलीच उड्डाणं मांडली, बिनबिघाडाची वगळली. आलेखात सगळ्या नोंदी घ्या, कल तेव्हाच दिसतो.

इंटरलॉकला जंपर

यंत्राचं संरक्षक झाकण (गार्ड) उघडं असताना यंत्र बंद ठेवणारा स्विच म्हणजे इंटरलॉक. तो सारखा ट्रिप होतो म्हणून वायर (जंपर) टाकून तो बायपास करू नका, ट्रिपचं कारण शोधा. थेराक-२५ या किरणोपचार यंत्रात आधीच्या मॉडेलमधले हार्डवेअर इंटरलॉक काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. एरर इतक्या वेळा यायचे की ऑपरेटर सवयीने पुढे जात. १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना बेसुमार मात्रा बसली. बायपास अटळच असेल तर पर्यायी संरक्षण काय, परवानगी कोणाची आणि तो कधी काढायचा हे लेखी हवं, यंत्रावर टॅग हवा.

“मी सांगितलं होतं”

तोंडी सांगितलेलं चौकशीत उरत नाही. त्याच दिवशी लिहा: नेमका कोणता भाग, काय मोजलं, परवानगीची मर्यादा किती, बिघडलं तर कोणाला इजा होईल, काय थांबवायचं आणि उत्तर कधीपर्यंत हवं. “थोडं काळजीचं वाटतं” असं लिहू नका, “तडा ३ मिलिमीटर, आठवड्यात १ मिलिमीटर वाढला” असं लिहा. उत्तर आलं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे, आणि जीव धोक्यात असेल तर थेट परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे जा.

चूक तुमच्याच जुन्या गणितात सापडली तरी क्रम हाच. आधी भार उतरवा, माणसं बाहेर काढा, वापरणाऱ्यांना कळवा. दुरुस्तीचा नकाशा त्यानंतर काढा.