मेळघाटातील वनकुटीत मुक्काम : आखणी कशी करावी

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील मेळघाटात, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतील सागाच्या जंगलात वनविभागाच्या कुटीत दोन-तीन दिवस राहायचे असेल, तर रजेच्या तारखा शेवटी ठरवाव्यात. आधी ऋतू ठरवावा, कारण पाणी, उकाडा, रस्ता, वणव्याचा धोका आणि प्राणी दिसण्याची शक्यता या साऱ्या गोष्टी त्यावरच अवलंबून असतात. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील सफारी साधारणपणे बंद असतात आणि त्याच दिवसांत चिखलदऱ्याला धुके व धबधबे पाहणाऱ्यांची शनिवार-रविवारी मोठी गर्दी होते. कुटुंबासह पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. दिवस सुखद असतात आणि नद्यांना पाणी असते. मात्र रात्री कडाक्याची थंडी पडते, विशेषतः सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला, त्यामुळे कुटीतल्या पांघरुणावर विसंबून न राहता लोकरीचे कपडे सोबत न्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत सागाची पाने गळलेली असल्याने नजर दूरवर पोहोचते आणि प्राणी पाणवठ्यावर येतात, पण सखल भागात पारा चाळिशी ओलांडतो. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील, तर हे दिवस टाळलेलेच बरे.

राहण्याचे ठिकाण निवडताना आपल्याला काय हवे आहे, याचा प्रामाणिक विचार करावा. सेमाडोह येथे पर्यटन संकुल असून शेजारीच गाव आहे, म्हणून मुलाबाळांसह जाणाऱ्यांना ते सोयीचे पडते. कोलकास हे सिपना नदीच्या काठावर आहे. ज्यांना शांतपणे बसायचे आहे, पाखरे पाहायची आहेत, त्यांनी तेथेच जावे असे माझे स्पष्ट मत आहे. नरनाळा किल्ला पाहायचा असल्यास अकोला जिल्ह्यातील अकोटच्या बाजूने शहानूरला उतरावे. एका सहलीत ही तिन्ही ठिकाणे उरकण्याचा मोह अनेकांना होतो आणि मग सारा वेळ घाटातल्या वळणांवर गाडीतच जातो. एकाच कुटीत सलग दोन रात्री राहिल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी आसपासचा परिसर ओळखीचा होतो, कोणत्या झाडावर कोण येते हे कळू लागते, आणि जंगलात मुक्काम करण्याचा खरा लाभ तोच आहे.

कुटी आणि सफारी यांची नोंदणी शक्यतो व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी आणि दोन्ही आरक्षणे वेगवेगळी झाली आहेत ना, हे तपासून घ्यावे. कुटी मिळाली म्हणजे सफारीही मिळाली असे समजू नये. नोंदणीत ज्यांची नावे दिली आहेत, त्यांची मूळ ओळखपत्रे जवळ ठेवावीत. निघण्यापूर्वी फोन करून जेवणाची व्यवस्था, पिण्याचे पाणी, विजेची स्थिती आणि स्वतःचे अन्न शिजवण्याची परवानगी या चार गोष्टी विचारून घ्याव्यात. जेवण मिळणार असले तरी किती माणसे कोणत्या वेळी पोहोचणार हे आधी कळवावे, कारण तेथे सामान दूरवरून आणावे लागते.

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील बडनेरा येथे उतरून अमरावतीमार्गे परतवाड्याला यावे. तेथून धारणीकडे जाणारा घाटरस्ता सेमाडोहवरून जातो आणि त्या मार्गावर एस.टी.च्या गाड्याही धावतात. परतवाडा हे तयारीचे शेवटचे मोठे ठिकाण समजावे: इंधनाची टाकी येथेच भरावी, रोख रक्कम येथेच काढावी, औषधे आणि पाण्याचे जार येथेच घ्यावेत. पुढचा प्रवास दिवसाउजेडी संपेल अशा बेताने निघावे. अंधार पडल्यावर रस्ता ओलांडणारी जनावरे गाडीच्या प्रकाशाने गोंधळतात आणि त्यात त्यांचाही जीव जातो, माणसांचाही.

सामानात सर्वांत जास्त लक्ष आरोग्याच्या वस्तूंकडे द्यावे. हिवतापाचा धोका असल्याने मच्छरदाणी, डास पळवणारे मलम आणि अंगभर कपडे हवेतच. मण्यार हा साप रात्री फिरतो, त्याचा दंश अनेकदा फारसा दुखत नाही आणि जमिनीवर झोपलेली माणसे त्याला बळी पडतात. म्हणून खाटेवरच झोपावे, मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचावी, बूट झटकून घालावेत आणि रात्री दाराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी विजेरीचा प्रकाश जमिनीवर पाडावा. दंश झाल्यास जखम कापू नये, करकचून आवळपट्टी बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. अचलपूर आणि धारणी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, पण दोन्हीकडे पोहोचायला वेळ लागतो. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि वनविभागाच्या मदतीसाठी 1926 हे क्रमांक लिहून ठेवावेत. तथापि मोबाइलची रेंज अनेक ठिकाणी नसते, म्हणून तातडीच्या वेळी संपर्क कसा साधला जातो, हे पोहोचताच चौकीदाराला विचारावे.

शेकोटीविषयी मला आग्रहाने सांगावेसे वाटते. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनविभागाच्या लेखी वणव्याचा हंगाम असतो आणि त्या दिवसांत जमिनीवर सागाच्या वाळक्या पानांचा जाड थर पसरलेला असतो. विडीचे एक थोटूक हेक्टरच्या हेक्टर जंगल जाळू शकते, जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी आणि पिले त्यात होरपळतात. अभयारण्यात धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. थंडीच्या दिवसांतही कर्मचाऱ्यांनी ठरवून दिलेली जागा असेल तरच आणि त्यांच्या देखतच शेकोटी करावी.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात तेव्हा पहाटे मोहाच्या झाडांकडे एकट्याने फिरायला जाऊ नये, कारण ती फुले खायला अस्वले येतात आणि अचानक समोर आलेले अस्वल हल्ला करते. फिरायचे ते स्थानिक मार्गदर्शकाला बरोबर घेऊनच. वाघ दिसेलच अशी अपेक्षा ठेवून येथे येऊ नये. डोंगराळ, दाट प्रदेशात तो सहसा दर्शन देत नाही. त्याऐवजी रानपिंगळ्याविषयी विचारावे. 1884 नंतर या छोट्या घुबडाची खात्रीशीर नोंद नव्हती. 1997 मध्ये ते नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडले आणि आज मेळघाट हे त्याचे एक महत्त्वाचे आश्रयस्थान आहे. ते दिवसाही वावरते, त्यामुळे सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेले दिसू शकते. त्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर आवाज वाजवू नये.

ही कोरकू लोकांची भूमी आहे. त्यांच्या वस्तीत गेल्यास छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, घरांत डोकावू नये आणि मुलांना चॉकलेटे वाटू नयेत. काही द्यायचेच असेल, तर मार्गदर्शकाला योग्य मेहनताना द्यावा आणि गावातल्या दुकानातून खरेदी करावी.

कुटीत असताना खिडक्या लावून घ्याव्यात, कारण वानरे आणि माकडे उघडे अन्न सोडत नाहीत, आणि एकदा सवय लागली की पुढच्या पाहुण्यांना त्रास देतात. निघण्याच्या दिवशी सामान बांधण्याआधी सगळा कचरा, खरकट्यासह, एका पिशवीत भरावा आणि ती पिशवी परतवाड्यापर्यंत गाडीतच ठेवावी.