शहराच्या वेशीवरची जमीन: शहर आणि काउंटी यांनी मिळून नियोजन कसे करावे

शहराची हद्द संपते आणि शेती पुरती सुरू झालेली नसते, अशा पट्ट्यावर अमेरिकेत सामान्यतः काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाचा, अधिकार चालतो. तिथे वस्ती वाढली की पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांची मागणी मात्र शहराकडे येते. ओरेगॉन राज्यात 1973 च्या ‘सिनेट बिल 100’ या कायद्यातून राज्यव्यापी नियोजनाची उद्दिष्टे ठरली आणि प्रत्येक शहराभोवती वाढसीमा, म्हणजे शहराची वाढ जिथवर होऊ द्यायची ती रेषा, आखणे बंधनकारक झाले. तिथली पद्धत पाहून आपल्या भागात असे काम उभे करू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: सीमारेषेवर वाद कितीही होवोत, खरे काम त्या रेषेच्या आत, पण शहराच्या हद्दीबाहेर राहिलेल्या जमिनीचे असते.

सुरुवात लोकसंख्येच्या अंदाजापासून करावी. शहराने आपला आकडा फुगवायचा आणि काउंटीने आपला वेगळा मांडायचा, असे झाले तर पुढची प्रत्येक बैठक आकड्यावरच अडते. म्हणून ओरेगॉनमध्ये पोर्टलंड महानगर वगळता इतरत्र हा अंदाज पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटी तयार करते आणि तोच दोघांनी धरायचा असतो. त्यावरून वीस वर्षांना पुरेल इतकी जमीन मोजावी. आहे त्या वाढसीमेत किती घरे सामावतील हे आधी तपासावे आणि उरलेल्या गरजेपुरतीच रेषा पुढे सरकवावी. सरकवताना भावी शहरवाढीसाठी पूर्वीच राखून ठेवलेली जमीन प्रथम घ्यावी आणि कसदार शेतजमीन सर्वांत शेवटी. पोर्टलंडबाहेर हा बदल शहर आणि काउंटी या दोघांनीही मंजूर करावा लागतो, त्यामुळे कोणा एकाला परस्पर निर्णय रेटता येत नाही.

यानंतर लेखी करार करावा, आणि त्यात मोघम काही ठेवू नये. मधल्या पट्ट्यात बांधकाम परवानगी कोण देणार, काउंटीकडे आलेला अर्ज शहराला किती दिवसांत कळवायचा, रस्त्यांची रुंदी कोणाच्या मानकांप्रमाणे धरायची, जलवाहिनीचा खर्च कोण उचलणार आणि हद्दवाढ कोणत्या अटींवर होणार, या प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र कलम द्यावे.

करारातले सर्वांत मोलाचे कलम भूखंड पाडण्याविषयीचे असते. काउंटीने एकेक एकराचे तुकडे करून सेप्टिक टाकीवर घरे उभी राहू दिली, तर पुढे तिथे गटारवाहिनी नेणे परवडत नाही आणि दाट वस्तीसाठी जमीन पुन्हा एकत्र करणे जवळजवळ अशक्य होते. गुंठेवारीत अडकलेल्या वस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे शहराच्या सेवा येईपर्यंत मोठे भूखंड फोडू देऊ नयेत. एखादे घर बांधू द्यावेच लागले, तर भविष्यातील रस्ते आणि लहान भूखंड दाखवणारा आराखडा अर्जासोबत घ्यावा आणि ते घर भूखंडाच्या मधोमध न बांधता अशा कोपऱ्यात बसवावे की पुढे उरलेल्या जागेतून रस्ता सरळ जाऊ शकेल. हे काम कागदावर क्षुल्लक दिसते, पण माझ्या मते सगळ्या कराराचा कस इथेच लागतो.

रहिवाशांना शेवटी बोलावण्याची चूक तर मुळीच करू नये. पोर्टलंडच्या आग्नेयेस असलेला डमॅस्कसचा परिसर 2002 मध्ये वाढसीमेत घेतला गेला आणि 2004 मध्ये तिथे स्वतंत्र शहर स्थापन झाले. परंतु विकास आराखड्यावर गावकऱ्यांचे एकमत काही झाले नाही, आणि अखेर 2016 मध्ये मतदारांनी शहरच विसर्जित करण्याच्या बाजूने कौल दिला. नकाशावर रेषा होती, पण सेवांचा खर्च आणि गावाचे रूप याबाबत लोकांची संमती नव्हती. म्हणून जाहीर सुनावण्या रेषा ठरण्यापूर्वी घ्याव्यात, जमीनमालकांना वैयक्तिक सूचना पाठवाव्यात आणि हरकतींची उत्तरे लेखी द्यावीत. ओरेगॉनमध्ये जमीनवापराच्या निर्णयाविरुद्ध विशेष अपील मंडळाकडे दाद मागण्यासाठी साधारणपणे 21 दिवसांचीच मुदत मिळते, तेव्हा सूचना उशिरा पोहोचली तर नागरिकाचा हक्कच बुडतो.

कराराच्या फेरतपासणीची तारीखही करारातच लिहावी आणि दोन्हीकडच्या नियोजन अधिकाऱ्यांची नियमित बैठक बांधून घ्यावी, कारण निवडणुकीनंतर सदस्य बदलतात आणि तोंडी समजुती त्यांच्याबरोबर निघून जातात.