ऑफिसात आपल्या धर्माबद्दल बोलायचं कसं?

डबा उघडला आणि आत साबुदाण्याची खिचडी दिसली की शेजारचा विचारणारच, “आज काय?” आपण विषय काढला नाही तरी तो असा निघतोच. तेव्हा काय बोलावं आणि कुठे थांबावं, हे आधी ठरवलेलं बरं.

१. कामापुरतं आधी सांगा

रोजा सोडायचा असेल तर सूर्यास्ताच्या वेळी मीटिंग नको. चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाण्यापिण्याचा जैनांचा नियम, पाळत असाल तर रात्री नऊचं टीमचं जेवण उपयोगाचं नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाला जायचं असेल, तर तेही ऐनवेळी सांगू नका. ईद चंद्रावर ठरते, कॅलेंडरात छापलेली सुट्टी एखादा दिवस मागेपुढे होते, म्हणून रजेच्या अर्जात दोन्ही तारखा लिहून ठेवा. कारण एका ओळीचं पुरतं, त्यामागचं शास्त्र मॅनेजरला ऐकवायची गरज नाही.

२. सगळ्या धर्माचं वकीलपत्र घेऊ नका

“आमच्या धर्मात असंच असतं” म्हटलं की दोन टेबलं पलीकडचा तुमच्याच धर्माचा माणूस नकारार्थी मान हलवतो, आणि त्याचंही बरोबर असतं. गणपती कुणाकडे दीड दिवसाचा, कुणाकडे दहा. गौरीला कुणी पुरणपोळी करतं, तर काही घरांत मटणाचा तिखटाचा नैवेद्य असतो. श्वेतांबर जैनांचं पर्युषण आठ दिवसांचं, दिगंबरांचं दशलक्षण दहा दिवसांचं. तेव्हा “आमच्या घरी असं करतात” एवढंच म्हणा. ते खोडून काढायला कुणाला जागा नसते, आणि गप्पाही इथेच रंगतात: नैवेद्याचं पान कोण वाढतं, उपास कोण चोरून मोडतं. तत्त्वज्ञान कुणी विचारलं तरच.

३. विचारताना माणसाकडे बघा

“पाणीसुद्धा नाही?” हा प्रश्न रोजेदाराला दर रमजानात ऐकावा लागतो. एकदा विचारा, मग लक्षात ठेवा. बातम्यांत कुठे काही घडलं की त्या धर्माच्या सहकाऱ्याकडे वळून “तुमचं काय म्हणणं?” मात्र विचारू नका. तो अकाउंट्समध्ये नोकरी करतो, समाजाचा प्रवक्ता म्हणून नाही. आणि आपल्याकडे धर्मावरून गाडी हळूच “पूर्ण नाव काय?” वर येते. ते कशासाठी विचारलंय, हे समोरच्याला पहिल्या फटक्यात कळतं.

४. शुभेच्छा देण्याआधी दिवस कसला आहे ते बघा

गुड फ्रायडे हा येशूच्या मृत्यूचा दिवस, शुभेच्छा ईस्टरच्या रविवारी. शिया सहकाऱ्यासाठी मोहरम शोकाचा काळ असतो. ६ डिसेंबर बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, त्या दिवशी अभिवादन. शुभेच्छा १४ एप्रिलला द्या.

५. खाऊ द्या, आग्रह करू नका

प्रसाद असो की शीरखुर्मा, आत काय आहे ते सांगून डबा पुढे करा. “नको” आलं की तिथेच थांबा. “अगं, यात मटण नाहीये, नुसतं दूध नि शेवया” हे एकदा सांगणं ठीक, दुसऱ्यांदा सांगितलं की ती उलटतपासणी होते. रोजा असलेल्याच्या हातात प्रसाद ठेवायचा तर घरी नेता येईल असा, पुडीत बांधून.

६. साहेब असाल तर जास्त जपा

सत्यनारायणाच्या वर्गणीची यादी घेऊन साहेब स्वतः टेबलाशी आले, तर हाताखालचा माणूस नाही कसं म्हणणार? प्रवचनाचं, सत्संगाचं, चर्चच्या सभेचं आमंत्रणही तसंच. बरोबरीच्या मित्राला बोलवा, ज्याचं अप्रेझल आपल्या हातात आहे त्याला नाही. कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर देवाधर्माचे फॉरवर्ड तर कुणीच टाकू नयेत, तुमचे आवडते संत असले तरी.

७. आवाज चढला तर

“माझं मत वेगळं आहे, पण आत्ता नको” म्हणून उठा. चहा संपवायलाच हवा असं नाही. कुणी श्रद्धेवरून किंवा जातीवरून सारखे टोमणे मारत असेल, तर आधी एकट्याला गाठून स्पष्ट सांगा. तरीही थांबला नाही तर तारीख, शब्द आणि तेव्हा कोण हजर होतं ते लिहून ठेवा आणि एचआरला ईमेल करा, तोंडी नको.