मास्टरला टेकलेलं सिलिकॉन चिकटच राहतं? माझा अनुभव

सॅटर्न ५ रॉकेटच्या १:१०० मॉडेलसाठी एफ-१ इंजिनाचं नोझल हवं होतं, तळाशी सुमारे ३७ मिमी व्यासाचं. पहिल्या टप्प्याला अशी पाच एकसारखी लागतात, म्हणून एकच मास्टर (मूळ नमुना) घडवला आणि त्यावर सिलिकॉन ओतून साचा काढायचा, मग त्यात रेझिन ओतायचं ठरवलं.

साचा वरून घट्ट व्हायचा, पण मास्टरलगतचा थर काकवीसारखा चिकट राहायचा आणि नोझलवरच्या बारीक कड्या त्यात विरून जायच्या. दोन दिवस जास्त थांबलो, साचा ऊबेत ठेवला, सिलिकॉनच्या दोन भागांचं प्रमाण पुन्हा तोललं. तिसरा साचा फेकताना अक्षरशः रडू यायचं बाकी होतं.

दोष क्लेचा होता. मास्टर बसवायला घेतलेल्या क्लेमध्ये गंधक होतं आणि गंधकामुळे मी वापरलेल्या प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनमधला उत्प्रेरक निकामी होतो. लेटेक्सच्या हातमोज्यांनीही तेच होतं.

मग असं केलं. आधी मास्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवला. त्यावर क्लिअर अ‍ॅक्रिलिक लॅकरचे दोन पातळ हात देऊन २४ तास ठेवला. नवा पेटीसाचा आणि गंधकविरहित क्ले घेतली. जुन्या क्लेला लागलेली हत्यारं बाजूला ठेवली. हातात नायट्राइलचे मोजे. ओतण्याआधी मास्टरच्या बुडाला सिलिकॉनचा एक थेंब लावून पाहिला (ही चाचणी अजिबात टाळू नका). तो कोरडा सुटला, तेव्हाच पुढे गेलो. पहिला थर ब्रशने कड्यांमध्ये भरला, उरलेलं पेटीच्या एका कोपऱ्यातून बारीक धारेने सोडलं.

साचा स्वच्छ सुटला. पाचही नोझलवर प्रत्येक कडी नखाला लागते.