कारखान्यात नॉलेज मॅनेजमेंटचं काम करायचंय? सोलापुरातला अनुभव

कॉलेजातनं नुकती बाहेर पडलेली बरीच पोरं-पोरी विचारतात, नॉलेज मॅनेजमेंट म्हणजे नक्की काय काम असतं आणि आपल्या सोलापुरात ते मिळतं का. मिळतं, फक्त त्या नावानं जाहिरात येत नाही. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या युनिटमध्ये क्वालिटीला आहे आणि हे काम क्वालिटीच्या टेबलावरूनच माझ्याकडं आलं, कारण आयएसओ 9001 या क्वालिटीच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या 2015 च्या आवृत्तीत 7.1.6 नंबरचा एक क्लॉज, म्हणजे कलम, आहे, तो म्हणतो की संस्थेला लागणारं ज्ञान कुठलं ते ठरवा, जपा आणि ज्याला लागेल त्याला मिळेल असं ठेवा. 2018 ला नॉलेज मॅनेजमेंटसाठी वेगळं आयएसओ 30401 स्टँडर्डपण आलं, पण सुरुवातीला 7.1.6 नीट वाचलात तरी पुष्कळ झालं.

थिअरी थोडी लागतेच. मायकेल पोलान्यी यांनी टॅसिट नॉलेजची कल्पना मांडली, म्हणजे जे माणसाला येतं पण सगळं शब्दात सांगता येत नाही ते. पुढं 1995 मध्ये नोनाका आणि ताकेउची या जपानी अभ्यासकांनी ते ज्ञान एका माणसाकडनं दुसऱ्याकडं आणि तिथनं कागदावर कसं जातं याचं मॉडेल दिलं, सेकी (SECI) म्हणतात त्याला. ते समजून घ्या आणि मग पुस्तक मिटून लूमपाशी, म्हणजे मागापाशी, जा, कारण खरं काम तिथंच आहे.

एक उदाहरण सांगते. टॉवेलवर जे बारीक फासे उभे असतात ते लूप, त्यांचा धागा वेगळ्या बीमवर, म्हणजे धागा गुंडाळलेल्या मोठ्या रुळावर, असतो. जुन्या लूमवर त्या बीमला दोर गुंडाळून वजन लटकवलेलं असतं, त्यानं धाग्याचा ताण राहतो. आता वजन तेच ठेवलं आणि बीम रिकामं होत बारीक झालं की ताण वाढतो, लूप आखूड पडतात आणि टॉवेलचं वजन घटतं. आमच्या एसओपीत, म्हणजे काम कसं करायचं त्या लेखी पद्धतीत, एवढंच लिहिलेलं, की ताण योग्य ठेवावा. योग्य म्हणजे किती? आमचे एक जुने अण्णा टॉवेलवरून तळवा फिरवतात, बीमकडं एक नजर टाकतात आणि वजन जरासं सरकवतात, झालं. मी विचारलं, अण्णा, कसं कळलं? तर म्हणाले, "हाताला लागतंय की ताई." यापुढं नवीन माणूस अडतो. अशा वेळी प्रश्न बदलायचा. मागच्या बीमला कधी सरकवलं होतं? तेव्हा बीमवर किती धागा उरला होता? नवीन पोरगा इथं काय विसरतो? या प्रश्नांची उत्तरं ते भराभरा देतात, आणि अर्धी तेलुगूत असतात, म्हणून विचारून फोनवर रेकॉर्ड करायचं आणि ते आहे तसंच ठेवायचं, शुद्ध मराठीत आणायच्या नादात निम्मं हरवतं. उन्हाळ्यात तर मुद्दाम शेडमध्ये थांबा. आपल्याकडं पारा चाळीसच्या वर गेला आणि हवा कोरडी पडली की धागा जास्त तुटतो, आणि त्यावर जुनी माणसं काय काय करतात ते थंडीत विचारून आठवत नाही कुणाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माणसं सांगत नाहीत, अशी तक्रार तुम्हाला ऑफिसात सतत ऐकू येईल. माझं मत स्पष्ट आहे, सांगण्यात त्यांचा तोटा होत असेल तर ती का सांगतील? पीस रेटवर, म्हणजे नगावर मजुरी घेऊन, काम करणाऱ्याला तुम्ही बोलण्यात गुंतवलं आणि लूम थांबलं तर त्याची मजुरी जाते. म्हणून बीम बदलायच्या वेळी जा, चहाच्या सुट्टीत जा, आणि जास्त वेळ हवा असेल तर त्या वेळेचे पैसे द्यायला मालकांना सांगा, हे सांगणं तुमच्या कामाचाच भाग आहे. आणि नाव द्या! झेरॉक्स कंपनीचे मशीन दुरुस्त करणारे टेक्निशियन मॅन्युअलपेक्षा एकमेकांच्या किश्श्यांतनं जास्त शिकतात हे ज्युलियन ऑर यांनी त्यांच्यासोबत राहून अभ्यासलं होतं, आणि नंतर त्या कंपनीनं युरेका नावाची सिस्टीम केली तेव्हा प्रत्येक युक्ती सहकारी टेक्निशियननी तपासायची आणि ज्याची युक्ती त्याचं नाव तिच्यासोबत, अशी पद्धत ठेवली. आमच्याकडं अण्णांनी सांगितलेलं एका पानावर लिहून, लॅमिनेट करून लूमशेजारी लावलंय, त्यावर अण्णांचं नाव आणि तारीख आहे, आता दुसऱ्या पाळीतले लोक स्वतःहून येऊन म्हणतात, ताई, आमचंपण एक घ्या.

सॉफ्टवेअरचं फार डोक्यात घेऊ नका, साधी एक्सेल शीट चालते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र भिस्त ठेवू नका, तिथं टाकलेली गोष्ट गुड मॉर्निंगच्या ढिगात जाते आणि रात्रपाळीत कुणाला सापडत नाही. रिटायर होणाऱ्या माणसासोबत नवीन माणूस आधीपासनंच एका पाळीत लावा, शेवटच्या आठवड्यात नारळ-शाल देताना विचारून काही हाताला लागत नाही.

टेक्स्टाईल डिप्लोमावाल्यांना इथं फायदा आहेच, पण बीकॉम, एमबीएवालेही करू शकतात, कामापुरतं तेलुगू शिका म्हणजे झालं. आणि इंटरव्ह्यूला जाताना सर्टिफिकेटच्या फायलीत असं एक पान करून न्या, घरच्या दुकानातलं, गिरणीतलं, कुठल्याही कामाचं चालेल, ज्यात माणूस काय बघतो, मग काय करतो आणि नवीन माणूस कुठं अडतो एवढं लिहिलेलं असेल.