उपयुक्ततावाद शिकताना या चुका टाळा

उपयुक्ततावादाची व्याख्या एका वाक्यात मावते: ज्यांच्यावर परिणाम होतो त्या सगळ्यांच्या सुखातून दुःख वजा करून जिची बेरीज सर्वांत जास्त येते, ती कृती योग्य. घोळ होतो तो बेरजेत. उत्तर भलतंच आलं, तर सिद्धांताला नावं ठेवण्याआधी हिशेबातून कोण सुटलं ते बघा.

डोकी मोजणं

'पुष्कळांचे पुष्कळ सुख' हे या सिद्धांताचं घोषवाक्य म्हणजे बहुमत, ही सर्रास होणारी चूक. समजा, २० घरांच्या सोसायटीत कचऱ्याचे डबे तळमजल्यावरच्या एका खिडकीखाली हलवायचा ठराव १९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. १९ घरांपासून वास जरा लांब गेला, प्रत्येकी फायदा १. त्या एका घरात दिवसभर माश्या, खिडकी कायमची बंद, आत दम्याचा रुग्ण, नुकसान ३०. १९ वजा ३० म्हणजे उणे ११. ठराव मंजूर, कृती अयोग्य.

आकडे अर्थातच अंदाजी आहेत. सुख मोजायची फूटपट्टी कुणाकडेच नाही. पण अंदाज कशावरून बांधायचा, हे या सिद्धांताची मांडणी करणाऱ्या जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने १७८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांगितलं आहे: तीव्रता, कालावधी, निश्चितता, समीपता (ते किती लवकर मिळणार), त्यातून पुढे आणखी सुख निपजण्याची शक्यता, त्यात दुःख न मिसळण्याची शक्यता, आणि सातवी व्याप्ती, म्हणजे किती जणांवर परिणाम होतो. डोकी मोजणारा फक्त सातवा निकष वापरतो आणि पहिले सहा विसरतो. बेंथमने स्वतः उतारवयात 'पुष्कळांचे' हा भाग गाळला. २००१ बहुसंख्य आणि २००० अल्पसंख्य असा समाज घेऊन त्याने दाखवलं, की अल्पसंख्याकांचं सुखदुःख हिशेबाबाहेर ठेवलं तर एकूण सुख घटतं.

मात्र दुसरी बाजू झाकू नका. त्या घराचं नुकसान १०च असतं, तर बेरीज अधिक ९ आली असती आणि एकाच घराने सगळं सोसावं याला सिद्धांताने हरकत घेतली नसती. न्याय्य वाटपावरून घेतला जाणारा हा आक्षेप खरा आहे, परीक्षेतल्या उत्तरात तो लिहाच.

एकाच पर्यायाची बेरीज

अधिक ९ आले म्हणून काम संपत नाही. डबे फाटकापाशी ठेवून रोज घंटागाडीत रिकामे केले आणि बेरीज अधिक १२ आली, तर अधिक ९चा पर्याय चुकीचा ठरतो. शक्यतेनेही गुणा: १०० जणांना लाभ देणारी पण १० टक्केच यशाची खात्री असलेली योजना (१०) ही २० जणांना ९० टक्के खात्रीने तेवढाच लाभ देणाऱ्या योजनेपेक्षा (१८) कमी भरते.

हेतू आणि कृती यांची सरमिसळ

मराठी वाचकाची इथे हमखास गल्लत होते, कारण टिळकांचं 'गीतारहस्य' (१९१५). त्यात अमेरिकेतल्या एका शहराचं उदाहरण आहे: लोकांना ट्राम हवी होती, परवानगी रखडली, व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम झाली, लोकांची सोय झाली, तरी त्याला शिक्षा झाली. टिळकांचा निष्कर्ष असा, की बाह्य परिणामावरून नीती ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते. यावरून 'उपयुक्ततावाद लाचेला योग्य म्हणतो' असं लिहिलं जातं. घाई आहे ती. लाचेचा हिशेब ट्राम सुरू झाली की मिटत नाही. पुढची प्रत्येक परवानगी विकत मिळते हा शिरस्ता पडतो, त्याचं दुःखही त्याच बेरजेत येतं.

खरा मतभेद वेगळाच आहे. बेंथमनंतरचा उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याच्या मते बुडणाऱ्याला वाचवणं योग्यच, मग उडी कर्तव्य म्हणून मारलेली असो की बक्षिसासाठी. हेतूवरून माणसाची पारख होते, कृतीची नाही. हे टिळकांना मान्य नव्हतं. दोघांचं एकच म्हणणं असल्यासारखी तडजोड उत्तरात करू नका.

पावलोपावली गणित

खरं बोलावं की नाही, हे दर वेळी बेरीज करून ठरवा, असं मिल कुठेही सांगत नाही. खलाशी समुद्रात खगोलगणित करत बसत नाहीत, तयार पंचांग घेऊन निघतात, हा त्याचाच दृष्टान्त. रोजच्या व्यवहारात अनुभवातून आलेले नियम चालतात. दोन नियम एकमेकांना आडवे आले, की मूळ तत्त्वाकडे जायचं.

किरकोळ पण गुण घालवणाऱ्या चुका: हा स्वार्थाचा सिद्धांत नाही, कारण स्वतःचं सुखही एकाच माणसाचं धरायचं. उच्च आणि हीन सुखांचा भेद मिलचा (१८६१), बेंथमचा नव्हे. आणि प्राण्यांना वगळू नका; त्यांना वेदना होतात का, एवढंच बेंथमने विचारलं होतं.